साक्षीदार क्रमांक दोन

माझ्या आजोबांनी नगरकडच्या एका खेड्यात बाप्तिस्मा घेतला, वडिलांनी मिशनच्या शाळेत मास्तरकी केली आणि मी सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ताचा प्रचारक, झालो. या तीन पिढ्यांत आमच्या घराण्यात एकच गोष्ट जोमाने वाढली, ती म्हणजे बोलणं. आजोबा कमी बोलत आणि दगड फोडत. वडील थोडं जास्त बोलत आणि छड्या मारत. मी नुसताच बोलत असे.

बायबल कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा माझी मराठी अशी झाली होती की ती देवाला आणि आमच्या प्राचार्यांनाच कळावी. ही मराठी घेऊन मला हिमायतनगरला पाठवण्यात आलं. पहिल्याच बाजाराच्या दिवशी मी पारावरच्या लोकांना नम्रपणे म्हणालो, "बंधूंनो, मी सुवार्तिक आहे. पत्रिका वाटायला आलो आहे." त्यातल्या एकाने कागद हातात घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, "लगीन कवा हाय?" दुसरा म्हणाला, "आरं, वार्ताहर हायेत ते. पेपरवाले." मी खुलासा करायला गेलो तर त्यांनी मला चहा पाजला आणि गावच्या नळाला तीन महिने पाणी नाही ही बातमी छापायला सांगितली. तिथे मी तीन वर्षं काढली. एकही माणूस ख्रिस्ताकडे आला नाही. नळाला पाणी मात्र आलं, आणि त्याचं श्रेय काही लोक अजून मला देतात.

भूकंप झाला तेव्हा माझी बदली नांदेडच्या कार्यालयात झाली होती. लातूर-धाराशिवकडच्या गावांत हजारो माणसांच्या अंगावर दगडी भिंती आणि मातीची माळवदं कोसळली होती. आमच्या कार्यालयात त्याच आठवड्यात सभा भरली आणि आमचे वरिष्ठ डोळे मिटून म्हणाले, "प्रभूने मराठवाड्यात दार उघडलं आहे." मी आमेन म्हणालो. मोठ्याने म्हणालो. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण त्या खोलीत माझाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

मग मला ब्लँकेटं, स्टीलची भांडी आणि पत्रिकांचे गठ्ठे देऊन धाडण्यात आलं. जीप मिशनची आणि ड्रायव्हर लातूरचा एक मुसलमान गृहस्थ, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. लातूर सोडून आम्ही औशाच्या पुढे गेलो तसा रस्ता मदतवाल्यांच्या गाड्यांनी तुंबला. प्रत्येक गाडीवर आपापल्या देवाचं किंवा पुढाऱ्याचं कापड. ड्रायव्हर म्हणाला, "साब, इत्ते लोगां तो शादी में बी नै आते." मी त्याला गंभीरपणे सांगितलं की आपण त्यांच्यातले नाही. त्याने मान हलवली आणि आमच्या जीपवरचं कापड वाऱ्याने सुटलं होतं ते खाली उतरून नीट बांधलं.

ज्या गावात आम्ही तंबू ठोकला तिथे एक भिंत धड उभी नव्हती. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आले होते. गाव पडलं होतं, पण शेडच्या रांगा लावताना वरची आळी वरच्या अंगाला आणि खालची आळी खालच्या अंगाला अशी बरोबर मांडणी झाली होती. पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुमी कोणच्यातले?"

"ख्रिस्ती."

"ते हाव. पन कोणच्यातले?"

"ख्रिस्तात भेद नसतो, बाबा."

"बराबर हाय," म्हातारा म्हणाला आणि त्याने मला पाणी वरून ओंजळीत घातलं. मला राग आला. पण खरं सांगायचं तर आमच्या लातूरच्या चर्चमध्येही नगरकडून आलेले, इथले आणि देगलूरकडचे तेलुगू बोलणारे असे तीन वेगवेगळ्या बाकांवर बसत आणि एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेऊन झालं की आपापल्यात सोयरिकी जुळवत. म्हाताऱ्याला भेद ठाऊक होता आणि तो तसं वागत होता. आम्हाला तो ठाऊक नसल्याचं सोंग करावं लागे, एवढाच फरक.

तिसऱ्या दिवशी मी सभा घेतली. तंबूपुढे लोक जमले. मी हात उंचावून म्हणालो, "मी तुमच्यापुढे साक्ष द्यायला आलो आहे."

लोकांत कुजबुज झाली. निजामाच्या राज्यात वाढलेला एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाला, "म्हंजी गवाही."

"हो," मी म्हणालो, "गवाही. सत्याची गवाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबू उघडला तर बाहेर रांग. बायका, बाप्ये, कडेवर लेकरं, सगळे शांतपणे उभे. माझे डोळे भरून आले. लोक थव्याने देवाकडे वळतात त्या ज्या संजीवनाबद्दल कॉलेजात नुसतं वाचलं होतं ते माझ्या तंबूपुढे रांगेत उभं होतं. त्याच बैठकीत मी नांदेडला पत्र लिहायला घेतलं, 'येथे सत्याची भूक मोठी आहे.' मग पहिला माणूस पुढे आला. तो म्हणाला, "लिवा. दोन खनाचं घर, जोडून वसरी, परसात न्हानी. समदं पडलं."

तेव्हा पंचनामे चालू होते. घर होतं, ते पडलं आणि त्यात कोण राहत होतं, हे सांगायला तलाठ्याला साक्षीदार लागत. बाहेरगावचा, शिकलेला, कुणाच्या भावकीतला नसलेला माणूस आपण होऊन साक्ष द्यायला आलाय म्हटल्यावर गाव हरखून गेलं होतं.

मी समजावलं की माझी साक्ष वेगळी आहे, ती प्रभूबद्दल आहे.

तो माणूस विचारात पडला. "त्याचं बी घर पडलं का?"

"त्याला घरच नव्हतं. डोकं टेकायलाही जागा नव्हती."

"मंग त्याचं बी नाव लावा की यादीत."

ड्रायव्हर जीपच्या बॉनेटवर डोकं टेकून हसत होता. दुपारपर्यंत रांग संपली. नांदेडला लिहिलेलं पत्र मात्र मी फाडलं नाही. पोस्टात टाकलं.

पाचव्या दिवशी फक्त एक बाई आली. चाळिशीची, काटक, हाताला भेगा. ती शेडच्या वरच्या रांगेतली, जमीनजुमला असलेल्या घरातली होती. नवऱ्याने टाकलं म्हणून वीस वर्षांपूर्वी भावाकडे आली होती आणि भावाने वाड्यामागे तिला एक खोली बांधून दिली होती. भूकंपात भाऊ गेला. आता भाच्याने पंचनाम्यात सांगितलं होतं की मागे खोली नव्हतीच, गोठा होता, आणि आत्या आमच्याच कुटुंबात धरा. म्हणजे नव्या गावात तिच्या नावाचं घर नाही. भाचा मदत समितीवर होता. ब्लँकेट, धान्य, पत्रे, सगळं त्याच्या हातून वाटलं जायचं, तेव्हा त्याच्या विरुद्ध तोंड उघडायला गावातला कुणी तयार नव्हता. बाहेरचे दोन साक्षीदार आणले तर खोली लावतो, असं तलाठी म्हणाला होता.

"मावशी, मी तुमचं घर पाहिलेलं नाही," मी म्हणालो. "न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष कशी देऊ?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "परवा सभेत तुमी दोन हजार वर्साखालचं सांगून राहिलते. तो मेला, गाडला, तिसऱ्या दिवशी उठला. ते तुमी बघितलं व्हतं का?"

"तो विश्वासाचा भाग आहे."

"मंग माझ्यावर बी ठिवा थोडा."

मी तिला दहा आज्ञा सांगितल्या. त्यातली नववी, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही जरा जोर देऊन सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग पदर खोचला आणि म्हणाली, "चला. दावते."

तिने आम्हाला जुन्या गावात नेलं. भावाच्या घराचा डोंगर झाला होता, त्याच्यामागे दुसरा लहान ढिगारा. तिथे ती दगड उचलायला लागली. ड्रायव्हरने बाह्या सारल्या. मी थोडा वेळ उभं राहून प्रार्थना केली आणि कुणी थांबवेना म्हणून मीही वाकलो. चार दिवस आम्ही दगड काढत होतो. आजोबांनंतर आमच्या घरात दगडाला हात लावणारा मीच पहिला. त्या चार दिवसांत मी कुणाला एक वचन सांगितलं नाही आणि मला, खरंच सांगतो, फार बरं वाटत होतं.

चौथ्या दिवशी कोपऱ्यातली भिंत लागली. काजळीने काळीभोर. खाली चूल निघाली, सारवलेली, एका अंगाने चेपलेली. तेवढ्यात भाचा तिथे आला. तिशीचा गडी होता. भूकंपाच्या पहाटे बाप आणि एक मुलगी गमावलेला, त्यामुळे त्याच्याशी कडक बोलायला माझी जीभ वळेना. तो म्हणाला, "पास्टरसाहेब, गोठ्यात बी चूल असती. म्हशीचं आंबोन शिजवायला."

बाई उठली नाही. तिने हाताने माती सारली आणि चुलीच्या शेजारचं लहान तोंड मोकळं केलं. त्याला वैल म्हणतात. मोठ्या चुलीवर भाकरी होतात तेव्हा त्याच्या धगीवर वरण शिजत राहतं.

"म्हशीला वरन कोण शिजवून घालतंय रं?" ती म्हणाली.

ड्रायव्हर माझ्याकडे बघून म्हणाला, "हो गया, साब. देख लिया."

खरोखरच मी पाहिलं होतं. वैल पाहिला, काजळी पाहिली, कोनाड्यात तिची फुटकी करंडा-फणी पाहिली. पवित्र शास्त्रातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल मला इतकी खात्री नव्हती.

त्या रात्री नांदेडचं पत्र आलं असतं तर मी म्हटलं असतं की सैतानाने डाव साधला. पण ते चांगलं भर दुपारी, जेवणाच्या वेळी आलं. परदेशातून पाहुणे येणार होते. मी लिहिलेली सत्याची भूक त्यांना बघायची होती. वरिष्ठांनी लिहिलं होतं की नव्या गावात प्रार्थनागृहासाठी जागेचं बघ, स्थानिक पुढाऱ्यांशी गोडीने वाग. शेवटी विचारलं होतं की किती आत्मे सत्याच्या शोधात आहेत, संख्या कळव. मी संख्या कळवली. 'एक भगिनी फार तळमळीने शोध घेत आहे.' ती साक्षीदाराचा शोध घेत होती, हा तपशील मी गाळला.

संध्याकाळी भाचा तंबूत आला. समोर बसला, चहा घेतला. "तुमचं काम चालू द्या की," तो म्हणाला. "ब्लँकेटं वाटा, गाणी म्हना. नव्या गावात तुमाला एक तुकडा काढून देतो, समितीत मी हाय. पन घरातल्या भानगडीत कामून पडून राहिले? लोकं म्हनतील, पाष्टर बाईला बाटवून राहिला. मंग मला बी काही करता येनार न्हाई."

तो धमकी देत होता की सल्ला, हे मला आजही सांगता येणार नाही. मी त्याला सोडायला तंबूच्या दारापर्यंत गेलो एवढं आठवतं. मग मी बराच वेळ वह्या-पुस्तकांत डोकं घालून एक सुंदर तर्क रचला. एका बाईच्या एका खोलीसाठी अख्ख्या गावाचं दार सुवार्तेला बंद करायचं का? साक्ष द्यायची तर साक्ष देण्याची संधी जाईल. म्हणून साक्षीसाठीच साक्ष न देणं बरं. कॉलेजात मला तर्कशास्त्रात पहिला नंबर होता.

तलाठी आला तो कागद घेऊन ढिगाऱ्यापाशीच उभा राहिला. भोवती गाव जमलं. साक्षीदार क्रमांक एक म्हणून त्याने ड्रायव्हरला बोलावलं. ड्रायव्हरने पाहिलं ते चार वाक्यांत सांगितलं आणि उर्दूत सही ठोकली. तलाठी म्हणाला, "मराठीत करा." तो म्हणाला, "देखा सो आँख से देखा, भाऊसाहेब. आँख की भाषा कौन पूछता?" लोक हसले. मग तलाठ्याने माझ्याकडे बघितलं.

मी घसा साफ केला. "भाऊसाहेब, मी चूल पाहिली आहे. परंतु या भगिनी तिथे राहत होत्या, हे मी स्वतः पाहिलेलं नाही."

वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. नववी आज्ञा अबाधित होती. तलाठ्यालाही हायसं वाटलं असावं, कारण त्याने चटकन लिहिलं, साक्षीदार एकच, बांधकाम गोठा. भाच्याने मान खाली घातली. ड्रायव्हर वळून जीपकडे चालू लागला. बाईने ढिगाऱ्यातून तिचा तवा उचलला, पदराने पुसला आणि शेडकडे गेली. मला वाटलं होतं ती रडेल, म्हणजे मला सांत्वन करता आलं असतं. ते काम मला चांगलं जमत असे.

पाहुणे आले, फोटो निघाले, मी त्यांच्यासाठी दुभाष्या झालो. 'सत्याची भूक' या शब्दांचं भाषांतर माझ्याच तोंडून ऐकून मी कानकोंडा झालो. प्रार्थनेसाठी कबूल केलेल्या तुकड्यावर पुढे व्यायामशाळा झाली. परतताना औशाला चहाला थांबलो तेव्हा ड्रायव्हर दुसऱ्या बाकावर बसला.

पुढे माझी लातूरच्या चर्चवर पाळक म्हणून नेमणूक झाली आणि मी तिथेच मुरलो. डोळ्यांदेखत शहर बदललं. जिथे डाळीची गोदामं होती तिथे बायोलॉजी आणि फिजिक्सचे क्लास निघाले. भिंतींवर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींचे फोटो आणि मार्क. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराने जिन्याखालीसुद्धा कॉट टाकून विद्यार्थी ठेवले. पाळकगृहाच्याही आम्ही दोन खोल्या काढून दिल्या. जे काम आमच्या सुवार्तेला कित्येक पिढ्यांत जमलं नाही ते बायोलॉजीच्या बॅचने वर्षभरात केलं. पाटलाचा, मुल्लाचा, खालच्या आळीतला, तांड्यावरचा, असे सगळे एका ताटलीत चिवडा खाऊ लागले. खोली देताना मालक मात्र आडनाव विचारत. ख्रिस्ती मालकही विचारत.

आणि एक दिवस चर्चशेजारच्या मेसमध्ये भाकरी थापायला तीच बाई आली. नव्या गावात भाच्याने तिला पडवी दिली होती. दोन वर्षं तिथे काढून ती निघाली. गावाच्या घरांच्या यादीत नाव नसल्याने तिची कागदपत्रं कुठेच नीट जमत नव्हती. दर महिन्याला ती एक अर्ज लिहून घेई आणि सुट्टीच्या दिवशी कचेरीत जाऊन देऊन येई. तिला अजूनही तेवढंच हवं होतं, की त्या गावात आपलं घर होतं हे कुणीतरी मान्य करावं. माझ्याकडे तिने पुन्हा काही मागितलं नाही. मी रोज संध्याकाळी तिच्याकडून चार भाकरी नेत असे आणि रोज ठरवत असे की आज बोलू. एकदा बोललो.

"मावशी, तेव्हाबद्दल मला क्षमा करा."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "माफी तुमच्या लोकांत चालती. मला गवाही पायजे व्हती." आणि भाकऱ्या कागदात गुंडाळून दिल्या. एक जास्तच घातली होती.

तेव्हा तरी जाऊन लिहून द्यायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण आता फाईल बंद झाली असेल, अधिकारी बदलले असतील, रविवारचं प्रवचन आहे, असं करत मी आणखी काही वर्षं घालवली. दर रविवारी मात्र आमच्या चर्चमध्ये साक्षींची रांग लागे. कुणाची गुडघेदुखी गेली, कुणाच्या मुलीला फिजिओथेरपीला नंबर लागला. मी पुढे उभा राहून त्यांना म्हणे, "निर्भयपणे साक्ष द्या."

प्रवेशपरीक्षेच्या आधी इतर धर्मांची पोरंही चर्चमध्ये येत. कुणाच्या तरी मित्राला चांगले मार्क पडले होते आणि त्याने हॉल तिकीट आमच्या वेदीवर ठेवलं होतं, एवढं निमित्त पुरलं. मग परीक्षेच्या आधीच्या संध्याकाळी वेदीवर हॉल तिकिटांचा ढीग. गंध लावलेली पोरं, ताईत बांधलेली पोरं, सगळी डोळे मिटून उभी. मी प्रार्थना करी की यांना अभ्यासाप्रमाणे फळ मिळो. ही प्रार्थना त्यातल्या पुष्कळांना आवडत नसे.

त्यातल्या एकाचे वडील निकालानंतर पोलिसांत गेले. त्यांनी मुलाला माहूरला रेणुकेच्या पायांवर घातलं होतं, दर्ग्यावर चादर चढवली होती आणि इकडेही धाडलं होतं. नंबर लागला नाही तेव्हा देवी आणि पीर यांच्याविरुद्ध तक्रार घ्यायला ठाण्यात सोय नव्हती. माझ्याविरुद्ध होती. पाळक पोरांना बाटवतो. त्यांच्याबरोबर गळ्यात उपरणी घातलेले चार-पाच जण होते, त्यांना मुलाचे वडील ओळखतही नव्हते.

मला ठाण्यात बोलावलं. साहेब सभ्य होते. म्हणाले, "तुमच्याविषयी सांगणारं कुणी आहे का? म्हणजे जबाब घेतो आणि मिटवतो." मी चर्चच्या मंडळींना फोन लावले. गुडघेदुखी गेलेल्या गृहस्थांचा गुडघा पुन्हा धरला होता. फिजिओथेरपीवाल्या मुलीचे वडील म्हणाले, "आम्ही प्रार्थनेत आहोत, पास्टर." तिसऱ्याने फोन उचलून कट केला. मला संताप आला, आणि तो फार वेळ टिकेना, कारण ही माणसं मीच शिकवून तयार केली होती.

तासाभराने ती आली. मेसमधल्या पोरांकडून कळलं म्हणाली. हाताला पीठ तसंच. साहेबांनी तिला बसायला सांगितलं, ती उभीच राहिली.

"बाई, हे लोकांना बाटवतात का?"

"ह्यांच्यात तेवढी धमक न्हाई, सायब," ती म्हणाली.

उपरणीवाले हसले. ती त्यांच्याकडे न बघता बोलत राहिली. "भूकंपात माझ्या घराची गवाही द्यायची व्हती. ह्यांनी माझ्यासंगं चार दिस दगड उचलले. डोळ्यानं चूल बघितली. आन तलाठी आला तवा म्हनले, ही तिथं राहत व्हती ते म्या बघितलं न्हाई. भाचा नाराज हुईल म्हनून. एका कागदावर सही करायला जो मानूस घाबरतो, तो कुनाचा धरम काय बदलून राहिला? इतके वर्सं झाले, माझ्या हातची भाकरी नेतेत. एकडाव म्हनले न्हाईत का मावशी, चर्चात या. कोन्या तोंडानं म्हनतील? लई भित्रं मानूस हाय. वाईट न्हाई."

साहेब हसू दाबत लिहीत होते. मुलाचे वडीलही खाली बघून हसले आणि म्हणाले की राहू द्या, आपलं काही नाही. त्या खोलीत माझी सुटका होत होती आणि माझे कान भाजत होते. तिने सांगितलं त्यात खोडून काढण्यासारखा एक शब्द नव्हता.

"नाव सांगा," साहेब म्हणाले. तिने सांगितलं. "राहणार? मेसचा नको, कायमचा पत्ता. मूळ गाव."

इतका वेळ सरळ बोलणारी बाई टेबलाच्या कडेवरचं पीठ बोटाने पुसत राहिली. गावाचं नाव सांगितलं तर तिथल्या कागदांत ती नव्हती, हे ती प्रत्येक कचेरीत ऐकून आली होती.

"साहेब, मी सांगतो," मी म्हणालो.

"तुम्हाला विचारलेलं नाही."

"तरी लिहा." मी गावाचं नाव सांगितलं. भावाच्या घरामागे उत्तरेला त्यांची एक खोली होती. गोठा नव्हता. त्या तिथे वीस वर्षं राहत होत्या. खोली भूकंपात पडली. मी ती जागा उकरून पाहिली आहे आणि हा माझा जबाब आहे.

साहेबांनी पेन थांबवलं. "हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"घाबरलो होतो."

"कुणाला?"

मी आठवून बघितलं. भाच्याला म्हणावं तर त्याने माझा चहा पिण्यापलीकडे काही केलं नव्हतं. "नाव घेण्यासारखं कुणी नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी माझा जबाब वेगळ्या कागदावर लिहून घेतला. मी सही केली. सही आडनावापाशी वाकडी झाली. बाईने कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिने तो वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, "ह्याची नक्कल मिळंल का?"

"आता इतक्या वर्षांनी याचा काय उपयोग, बाई?" हवालदार म्हणाला. "घर काही मिळणार नाही यावर."

"घर नगं. मी तिथं राहत व्हते, येवढं लिवलेलं असू द्या जवळ."

साहेबांनी मान डोलावली. हवालदार कागद घेऊन समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. तिथे क्लासच्या नोट्ससाठी पोरांची रांग होती, म्हणून आम्हाला अर्धा तास थांबावं लागलं. आम्ही ठाण्याच्या बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. मला तिला काही सांगावंसं वाटलं नाही.